आधी मी, मग सुभेदार

आमच्या घरमालकीणबाई फोन उचलल्यावर कधी 'हॅलो' म्हणाल्या नाहीत. 'बोला' म्हणायच्या. पलीकडचा माणूस लांबण लावू लागला की टेबलावर नखानं टकटक करून विचारायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचीत?" समोर बसून चहा पिणाऱ्या माणसालाही त्या हेच विचारत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ निघाले, तशी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. "आता लोक आपापले बोलतात. माझं काय काम?" म्हणाल्या.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, की ठेवायची नसत, ते मला कधी कळलं नाही. त्यांच्या लेखी माणसं म्हणजे गावं. दूधवाला दिंडोरी. भाजीवाली मखमलाबाद. शेजारचे आप्पा मूळचे बागलाणातले, ते सटाणा. मी नांदगावहून अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला नोकरीला लागले आणि त्यांच्या गंगापूर रोडच्या बंगलीत वरच्या खोलीत राहायला आले, तेव्हापासून मी नांदगाव. जिन्याखालून हाक यायची, "नांदगाव, पाणी आलंय, भरून घ्या." पहिल्या दिवशी मी त्यांना 'काकू' म्हटलं, तर म्हणाल्या, "मी कोणाची काकू नाही. बाई म्हणा."

नाव असलेला एकच जीव त्या घरात होता. सुभेदार. पिवळा, रुंद तोंडाचा, एक कान फाटलेला बोका. खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला आडनाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही. मला खुर्चीत बसवलं आणि गप्प राहिल्या. सुभेदार आला, माझ्या चपला हुंगल्या, आणि माझ्याकडे पाठ करून बसला. "पाठ केली म्हणजे भरवसा आहे," बाई म्हणाल्या. "सामान आणा."

पहिला धक्का मला आठवडाभरात बसला. सकाळी दूध आणायला खाली गेले, तर स्वयंपाकघरात बाई जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, मांडीवर सुभेदार, आणि हातात इंजेक्शन. मानेची कातडी चिमटीत धरली, सुई घातली, काढली. बोका ढिम्म हलला नाही. बाई त्याच्या कानात म्हणाल्या, "कॉल पूर्ण झाला."

"काय झालंय त्याला?" माझा आवाज चिरकला असावा.

"साखर झालीय."

"मांजराला?"

"का? मांजरानं काय पाप केलंय?"

ती साखर मुंग्यांनी दाखवली होती. बोका सारखं पाणी पिऊ लागला, भरपूर खाऊनही वाळू लागला. मग त्याच्या वाळूच्या घमेल्याला मुंग्यांची रांग लागली. बाई त्याला पिशवीत घालून सरकारी जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथले डॉक्टर हसले. म्हणाले, "बाई, म्हशीचं काही असेल तर सांगा." बाईंनी घमेल्यातली मूठभर वाळू कागदात बांधून नेली होती. ती त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मुंग्या येईस्तोवर मी बसते." तेवढ्यावर डॉक्टरांचं हसणं थांबलं. पुढे कॉलेज रोडला एक तरुण डॉक्टर मुंबईहून शिकून आला, कुत्र्यामांजरांचाच दवाखाना घालून बसला, आणि बाईंना माणूस सापडला. त्याचं नाव अर्थातच मुंबई.

लघवी तपासायच्या कागदी पट्ट्या मिळायच्या. सुभेदार घमेल्यात बसला की बाई दबक्या पावलांनी मागे जायच्या आणि त्याच्या शेपटीखाली पळी धरायच्या. वरणाची असते तसली पळी. "ही वेगळी आहे," असं त्या प्रत्येक वेळी सांगत. मी मात्र त्यांच्याकडे वरण खायचं सोडलं ते सोडलंच.

पण यातलं काहीच त्यांच्या मुख्य रीतीपुढे फार नव्हतं. सुभेदाराच्या पोटात जे जायचं किंवा जे नवं औषध अंगात जायचं, ते आधी बाईंच्या जायचं. उकडलेले मासे आणले तर पहिला घास त्यांचा, आणि त्या जन्मभराच्या शाकाहारी. डोळे मिटून गिळत. एकदा मुंबई डॉक्टरनं जंताची गोळी दिली, तर बाईंनी तिचा तुकडा तोडून कडाकडा चावला, पाच-दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसल्या, आणि मग उरलेली बोक्याला चारली.

"अहो बाई, ही जनावरांची गोळी!" मी म्हणाले.

"आधी मी, मग सुभेदार," त्या म्हणाल्या. त्यापुढे बोलणं नाही.

मी कारखान्यात मैत्रिणींना हे रंगवून सांगायची. सगळ्या पोट धरून हसायच्या. मीही हसायची.

आप्पांची गंमत यातलीच. आप्पा निवृत्त मास्तर, सोवळ्याओवळ्याचे कडक, आणि स्वतः मधुमेहाचे. रोज सकाळी पोटात सुई टोचून घ्यायचे. बाईंचा बोका त्यांच्या तुळशीपाशी गेला की काठी घेऊन निघायचे. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की, बोक्याला टोचतात ते औषध गाईबैलांच्या आतड्यातून काढतात. आप्पा फाटकात उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "ब्राह्मणाच्या शेजारी राहून गाईचं औषध घरात? तेही मांजरासाठी? लाज नाही वाटत?"

बाई शांतपणे आत गेल्या, फ्रिजमधली बाटली घेऊन आल्या आणि फाटकावरून त्यांच्यापुढे धरली. "आतड्यातून नाही, स्वादुपिंडातून. सटाणा, वाचता येतं ना? आता तुमच्या घरात जा आणि तुमची बाटली वाचा."

आप्पा गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी नंतर मला सांगितलं, ते चष्मा लावून फ्रिजचं दार उघडं टाकून उभे होते, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तीच बाटली, तीच कंपनी. त्यानंतर आप्पांनी आमच्या घराशी बोलणं टाकलं. औषध मात्र टाकता आलं नाही.

पुढे दोन हजार साल उलटलं आणि ती बाटलीच बाजारातून नाहीशी होऊ लागली. मेनरोडचा औषधवाला म्हणाला, "बाई, जनावराचं इन्शुलिन आता बंद होत चाललंय. नवीन प्रकार आलेत." बाई पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत दुकानं फिरल्या. कुठे एखादी बाटली मिळायची, कुठे नाही. शेवटी मुंबई डॉक्टर त्यांना म्हणाला, "मावशी, तुम्ही हे शोधणं सोडा. एक नवं आलंय, दिवसभर हळूहळू काम करतं. परदेशात मांजरांना चांगलं लागू पडतंय म्हणतात. पण हे जुन्यापेक्षा कितीतरी तीव्र आहे. याची सिरिंजही वेगळी. लाल टोपणाची जुनी वापरायची नाही, ही केशरी टोपणाची वापरायची. आणि अगदी थोडं द्यायचं." हे तो माझ्यासमोर बोलला, कारण त्या दिवशी पिशवी मी धरली होती. बाईंनी मान डोलावली. बाटली आणली, केशरी टोपणांच्या सिरिंजचं पाकीट आणलं, फ्रिजच्या दारात ठेवलं.

अंबडला शनिवारी सुट्टी असायची. त्या शनिवारी मी वर गच्चीत कपडे वाळत घालत होते. थंडीचे दिवस. खालून बाईंचा आवाज येत होता, "नाशिक बोलतेय... मनमाड, लाइन द्या... मनमाड..." मला वाटलं, फोनवर आहेत. नंतर वाटलं, फारच वेळ बोलताहेत. बाई, आणि इतका वेळ? मी बादली ठेवून खाली आले.

फोन जागेवर होता. बाई स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून फरशीवर बसल्या होत्या. एवढ्या थंडीत अंगातून घाम निथळत होता, पातळ ओलं झालं होतं. डोळे उघडे, पण मी त्यांना दिसत नव्हते. ओठ हलत होते. "अर्जंट आहे हो. वणी लावा. वणी लागत नाहीये... नंबर माझा आहे. माझा नंबर पहिला आहे, मला आधी द्या..."

मला वाटलं, अर्धांगाचा झटका. मग टेबलावर लक्ष गेलं. नवी बाटली, झाकण काढलेली. केशरी टोपणांचं पाकीट जसंच्या तसं, न फोडलेलं. शेजारी रिकामी सिरिंज आणि तिचं लाल टोपण. सुभेदार! मी त्याला शोधलं. तो खिडकीत उन्हात बसून पंजा चाटत होता. धडधाकट. त्याची वाटी भरलेली, न खाल्लेली. मी पुन्हा बाईंकडे वळले, आणि त्यांच्या दंडावर मला रक्ताचा सुकलेला ठिपका दिसला.

आधी मी, मग सुभेदार.

ज्या गोष्टीवर मी डबा खाताना मैत्रिणींना हसवलं होतं, ती माझ्यासमोर घामानं डबडबून बसली होती. मी बाहेर धावले आणि कुंपणावरून ओरडले, "आप्पा! आप्पा, लवकर या! बाईंनी मांजराचं इन्शुलिन टोचून घेतलं!"

वर्षानुवर्षं न बोललेला तो माणूस बनियनवर, अनवाणी, कुंपण ओलांडून आला. त्या वयात कसा ओलांडला देव जाणे. बाईंना पाहिलं, बाटली पाहिली, आणि मास्तरांची शुद्ध भाषा जाऊन बागलाणातली अहिराणी बाहेर आली. "अरे देवा! हिनी साखर उतरी गई शे! मध शे का घरमा? साखर? आन बिगी! पानी नको पाजू, ठसका लागी!"

मी मधाची बाटली दिली. आप्पांनी बाईंचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, बोटाला मध लावून त्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळू लागले. पुन्हा पुन्हा. "माले बी असंच व्हस," ते पुटपुटत होते. "समजत नै कोन कोठे शे ते..." थोड्या वेळानं बाईंनी डोळे फिरवले. आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. "सटाणा," त्या जड जिभेनं म्हणाल्या, "तुम्ही आत कसे?"

मला हसू आणि रडू एकदम आलं. पण तेवढंच. पुन्हा त्यांची मान कलली. आप्पा म्हणाले, "हे नवं औषध दिवसभर टिकतं. मधानं भागायचं नाही. रिक्षा आण."

दवाखान्यात सलाईन लागलं. बाईंची साखर चढायची आणि पुन्हा खाली जायची, चढायची आणि खाली जायची. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. त्यांनी मला बाहेर बोलावलं. "यांना मधुमेह आहे?"

"नाही."

"मग इन्शुलिन कशासाठी घेतलं?"

"मांजराला द्यायच्या आधी त्या स्वतः घेऊन बघतात."

डॉक्टरांनी केसपेपर मिटला. मग हळू आवाजात म्हणाले, "एकट्या राहतात का? घरी काही ताणतणाव? हे बघा, उपाशीपोटी, एवढं इन्शुलिन... मला पोलिसांना कळवावं लागेल." मला त्यांचं म्हणणं आधी कळेना. त्यांना वाटत होतं, बाईंनी जीव द्यायला घेतलं. त्या काळी तो गुन्हाच होता. एक हवालदार येऊन बाकावर बसलाही. मी सांगते ते त्यांना खोटं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर, मोठ्यानं बोलताना मलाही ते वेड्यासारखंच वाटत होतं. मुंबई डॉक्टर धावत आला. त्यानं बाटली पाहिली, लाल टोपण पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. मांजराएवढ्या थेंबानं आपल्याला काय कळणार, म्हणून बाईंनी आपल्या वजनाच्या हिशोबानं औषध काढलं होतं, आणि तेही जुन्या सिरिंजच्या रेघांवर, जिथं हे औषध ठरल्याच्या अडीचपट भरतं. शनिवारचा उपास होता, तो वेगळाच. पण त्याचं तरी कोण ऐकतं? तो जनावरांचा डॉक्टर.

वणीला बाईंचा भाऊ होता. शेतीवाला माणूस. आप्पांच्या घरून त्याला फोन गेला आणि संध्याकाळी तो जीपनं आला. हवालदारानं त्याला विचारलं, "तुमच्या बहिणीला काही मानसिक त्रास?"

भाऊ खाली उकिडवा बसला. टोपी काढली.

"साहेब, ती मरायला नाय गेली. तिची ती रीतच हाय. लय जुनी." मग तो सांगू लागला. "आमी तिघं भावंडं. ही थोरली, मधी एक बहीण, मी धाकला. दोघी पोरींना ताप आला. कंपाउंडर घरी आला सुई घेऊन. म्हणला, थोरलीला आधी. ही भ्याली अन् पळाली. कणगीमागं जाऊन लपली. म्हणून मग मधलीला आधी दिली. सुई काढली अन् पोरगी काळीनिळी पडली. तशीच गेली, आईच्या मांडीवर. कुनाला काय समजलंबी नाय. आता डाक्टर लोक सांगतेत, काही काही लोकांना ते औषध सोसत नाय. तवा कोन सांगनार?" त्यानं टोपी हातात चुरगाळली. "आई हिला येकदाच म्हणली, तुझा नंबर पहिला व्हता. येकदाच म्हणली, साहेब. पुन्हा जन्मात नाय. पण हिनं ते धरलं. तवापास्नं घरात कुनाला गोळी द्यायची असली तरी ही आधी खानार. माझ्या पोरांच्या तापाची औषधंबी हिनं आधी चाखल्याली. आमाला सवय झाली, आमी काय बोलत नव्हतो."

हवालदार उठला, डॉक्टरांशी दोन शब्द बोलला आणि निघून गेला. मी तिथंच उभी होते. माझ्या कानात दुपारपासूनचं ते वाक्य घुमत होतं. माझा नंबर पहिला आहे, मला आधी द्या.

बाई दोन-तीन दिवस दवाखान्यात होत्या. शुद्धीवर येताच पहिला प्रश्न, "सुभेदाराची सुई?"

"दिली," मी म्हणाले. "आप्पांनी दिली. त्यांच्याकडे जुन्या औषधाची बाटली होती, त्यातली."

"आधी स्वतः घेतली का त्यांनी?"

"बाई, ते रोजच घेतात."

"हां," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. "मग ठीक."

आप्पांनी बोक्याला सुई देताना मी तिथं होते. सोवळं नेसलेला माणूस, मांडीवर बोका, आणि स्वतःची शेवटची बाटली उघडलेली.

आप्पांची बाटली संपल्यावर नव्या औषधाला पर्याय उरला नाही. आधीच सांगून टाकते, ते सुभेदाराला असं मानवलं की काही महिन्यांनी त्याची सुईच सुटली. मांजरांत असं कधी कधी होतं म्हणे. मुंबई डॉक्टरला त्याचं फार कौतुक. बोका आणखी बरीच वर्षं जगला, तुळशीपाशी जात राहिला, आणि आप्पा काठी घेऊन निघत राहिले. पण मला आठवतो तो त्या औषधाचा पहिला दिवस.

मुंबई डॉक्टर सकाळी घरी आला. लाल टोपणाच्या सगळ्या सिरिंज त्यानं मोडून कचऱ्यात टाकल्या. केशरी टोपणाची एक काढली, बाटलीतून थेंबभर औषध ओढलं आणि बाईंच्या हातात दिली. "मावशी, तुम्ही घ्यायची नाही. त्याला द्यायची. माझ्यादेखत."

बाईंनी सुभेदाराला मांडीवर घेतलं. वर्षानुवर्षं रोज सुई देणारा तो हात. मी त्यांना डोळे मिटून सुई देतानाही पाहिलं होतं. आता सुईचं टोक केसांवरच फिरत राहिलं. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर भीती कधी पाहिली नव्हती. ती एखाद्या म्हाताऱ्या बाईची भीती नव्हतीच, फार लहान मुलीची होती. डॉक्टर पुढे झाला, "मी देऊ का?" त्यांनी मान हलवली. कातडी चिमटीत धरली, आणि दिली.

'कॉल पूर्ण झाला' त्या म्हणाल्या नाहीत.

डॉक्टर गेला. मी रजा टाकली. बाई बोक्याशेजारी फरशीवर बसून राहिल्या. दिवसभर. मी पोळी-भाजी केली, ताट नेलं, त्यांनी हातानंच नको म्हटलं. फोन वाजला, उचलला नाही. सुभेदार झोपला की त्या त्याच्या पोटाशी हात नेऊन श्वास बघायच्या. त्यानं कूस बदलली की दचकायच्या. मी दारात बसून होते.

ऊन उतरलं. पलीकडे आप्पांच्या घरी आरती लागली. सुभेदार उठला, अंग ताणलं, जांभई दिली, आणि वाटीपाशी जाऊन बाईंकडे बघून खणखणीत ओरडला. मी मासा घातला. त्यानं वाटी चाटूनपुसून स्वच्छ केली, आणि येऊन बाईंकडे पाठ करून बसला.

बाई बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "जेवू का मी आता?"